दोनावर एकोणचाळीस शून्यं

कृष्णनाथ सरांना वर्गात एकच जादू येत असे, आणि तीही वर्षातले दोन महिनेच चालायची. डिसेंबर-जानेवारीत साखळी गावच्या हवेतला दमटपणा जरा हटला, की ते खिशातून काळा कंगवा काढायचे, डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांवरून खसाखसा फिरवायचे आणि टेबलावर पसरलेल्या कागदाच्या कपट्यांवर धरायचे. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटायचे. पोरं खो खो हसायची, पण ती कपट्यांना नव्हे, सरांच्या टकलाला. सर रागवायचे नाहीत. "हसा," म्हणायचे. "पण काय झालं ते बघितलंत का? या कपट्याला खाली कोण ओढतंय? अख्खी पृथ्वी. डोंगर, समुद्र, आमच्या पाळी गावच्या खाणी, सगळं धरून. आणि वर कोण ओढतंय? एक कंगवा. कोण जिंकलं?"

मग गणित. पुस्तक इंग्रजी, पण सर समजावायचे मराठीतच. एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन घ्यायचे. दोघांना वजन आहे, म्हणून ते एकमेकांना गुरुत्वाकर्षणानं ओढतात. एक धन आहे, एक ऋण आहे, म्हणून विजेच्या बळानंही ओढतात. विजेच्या बळाला गुरुत्वाकर्षणानं भागायचं. दोन्ही सूत्रांच्या तळाशी अंतराचा वर्ग असतो, तो वरखाली कटून जातो. उत्तर येतं दोनावर एकोणचाळीस शून्यं. ही शून्यं सर एक एक करून फळ्यावर मांडत. फळा संपला की भिंतीवर चढत. शाळेचा शिपाई दरवर्षी त्यांच्या नावानं बोटं मोडत ती भिंत पुसायचा. "एवढ्या पटीनं वीज जोरदार आहे," सर म्हणत, "आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे तिच्यापुढं किस झाड की पत्ती. मग सांगा, आपण सगळे जमिनीला चिकटून का राहतो? त्या बलाढ्य विजेला का चिकटत नाही?"

पालथ्या घड्यावर पाणी ओतायची सरांना सवय होती, ते स्वतःच उत्तर देत. विजेत धन आहे तसं ऋणही आहे. तुमच्या-माझ्या अंगात दोन्ही सारखीच भरलेली. ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि बाहेर काहीच उरत नाही. गुरुत्वाकर्षणाला मात्र ऋण नाही. ते क्षुल्लक असेल, पण ते कशानंच पुसलं जात नाही. साठत जातं, साठत जातं, आणि शेवटी तेच सगळ्यांना खाली आणतं.

हे वाक्य सर पूर्वी मोठ्या झोकात म्हणत. मग त्यांचा मुलगा रुद्रेश समुद्रात नाहीसा झाला, आणि हल्ली ते हे वाक्य गाळून घंटा व्हायची वाट बघत उभे राहतात.

रुद्रेश एकुलता एक. याच वर्गात शिकला. घरी 'बाबा' आणि शाळेत 'सर' हा नियम. एकदा चुकून वर्गात 'बाबा' म्हणाला तेव्हा सरांनी त्याला बाकावर उभा केला होता. पोरगा हुशार म्हणण्यासारखा नव्हता, पण हाताला कसब होतं. यंत्रांचा डिप्लोमा केला. खाणी चालू असत्या तर पाळीतच एखाद्या वर्कशॉपमध्ये चिकटला असता आणि दुपारी घरी जेवायला आला असता. पण खाणी बंद. गावात ज्याच्या त्याच्या अंगणात ट्रक गंजत उभे, आणि खाणींच्या खड्ड्यांत हिरवं पाणी. रुद्रेश मालवाहू बोटीवर गेला, इंजिनच्या खोलीत कामाला. दोन खेपा करून आला, आईसाठी मिक्सर आणला, बापासाठी डोळ्यांना त्रास न देणारा दिवा आणला. तिसऱ्या खेपेला, आफ्रिकेच्या टोकाजवळ कुठंतरी, सकाळच्या हजेरीला तो नव्हता. कॅप्टननं बोट मागं फिरवली, दिवसभर समुद्र धुंडाळला. काही मिळालं नाही. कंपनीच्या माणसानं फोनवर हळू आवाजात सांगितलं, तुमचा मुलगा बेपत्ता आहे.

बेपत्ता! हा शब्द ज्यानं शोधून काढला त्याच्या घरी असा फोन कधी आला नसावा. मेलेल्या माणसाचं सुतक असतं, ते धरता येतं आणि बाराव्या-तेराव्याला सुटतं. बेपत्ता माणसाचं सुतक धरताही येत नाही आणि सोडताही येत नाही. लोक भेटायला येतात, पण काय बोलावं ते त्यांना कळत नाही. सांत्वन करावं तर आई डोळे वटारते, धीर द्यावा तर बाप.

आई म्हणजे भाग्यलक्ष्मी, माहेरची हरमलची. समुद्राच्या गावात वाढलेली. तिचं म्हणणं एकच. "दर्या कोणाक ठेवून घेणा नाय. जिती माणसां आसत तर खंयतरी कडेक लायता, मेलेली भायर टाकता. रुद्रेशाक भायर टाकूक नाय, म्हणजे तो खंयतरी लागलो."

रोज सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल दारात वाजली, की ती तीन गोल पाव, उंडे, घ्यायची. दोन घरचे, एक रुद्रेशचा. त्याला चहात बुडवून उंडो खायला आवडे. संध्याकाळपर्यंत तो दगडासारखा कडक व्हायचा आणि भाग्यलक्ष्मी तो शेजारच्या गायीला घालायची. कावळ्यांना कधी नाही. चुकून एखादा कावळा सोप्यावर येऊन बसला, तर ती हातातलं काम टाकून धावायची आणि त्याला हुसकून लावायची. कावळ्यानं त्या पावाला चोच लावली म्हणजे काय झालं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सर हे सगळं बघत. तिच्या हाडांवर मांस राहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी ते काही बोलले नाहीत. नंतर बोलू लागले. "तो येवचो नाय गो." दिवसातून एकदा तरी म्हणत, कधी मायेनं, कधी वैतागून, कधी दुसऱ्या खोलीतून. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

शाळेतही काही धड चालत नव्हतं. रुद्रेश गेल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत सर तेच गणित करत होते. अंतराचा वर्ग वरखाली कापायच्या वेळी खडू थांबला. इतकी वर्षं तोंडपाठ म्हटलेलं वाक्य त्यांना पुढं म्हणायचं होतं: दोन कण एकमेकांपासून कितीही लांब नेले, विश्वाच्या दोन टोकांना नेले, तरी गुणोत्तर तेच राहतं, अंतराचा काही संबंधच नाही. ते म्हणायला गेले आणि 'कितीही लांब'पाशीच अडले. पोरांना वाटलं, सर विसरले. मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर ओरडून सांगितलं. सरांनी मान हलवली, खडू ठेवला आणि पाणी प्यायला बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

दुसरं वर्ष सरता सरता त्यांनी ठरवलं, याचा शेवट करायचा. विधीवर त्यांचा विश्वास नव्हता. आयुष्यात देवळाच्या पायऱ्या ते फक्त लग्नाच्या दिवशी चढले होते. पण बायको डोळ्यांदेखत झिजत होती, आणि तिनं एकदा पोटभर रडून घेतलं तर कदाचित जगेल असं त्यांना वाटत होतं. भटजींना विचारलं. ते म्हणाले, देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांची आणि दर्भाची आकृती करून तिला अग्नी देतात. पण बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायची रीत आहे. "मात्र गावदेवी सातेरीचा कौल मिळाला, तर आधीही करता येतं," भटजींनी पुस्ती जोडली.

सरांना वाटलं होतं, भाग्यलक्ष्मी हे ऐकून घर डोक्यावर घेईल. ती चुलीपुढं बसली होती. तिनं निखारे मागंपुढं केले आणि म्हणाली, "सातेरीक विचारूया. ती काय सांगात ता खरां."

ठरलं ते असं. पाकळी उजवी पडली तर रुद्रेश जिवंत, वाट बघायची. डावी पडली तर विधी करायचा. आणि मग दोघांनीही पुन्हा तो विषय काढायचा नाही.

कौल म्हणजे काय ते या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवीच्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीला पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या लावतात, उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. जी पाकळी आधी पडते ते देवीचं उत्तर. लग्न, जमीन, आजारपण, सगळं यावर ठरतं. सरांनी या प्रकाराची जन्मभर टिंगल केली होती. ती पाकळी दगडाला कशी चिकटते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पाण्याच्या कणाचं एक टोक जरासं धन, दुसरं जरासं ऋण. ते दगडालाही धरतं आणि पाकळीलाही. म्हणजे पुन्हा तीच लढाई: खालून अख्खी पृथ्वी ओढतेय, आणि मध्ये पाण्याचा एक पापुद्रा तिला पुरून उरतोय. पाणी सुकलं की पाकळी पडली. यात देवी कुठं आली?

आणि जिथं देवी नाही तिथं हात घालायला भ्यायचं कशाला, असा सरांचा पुढचा विचार. तर्कशास्त्र चोख होतं. माणूस चोख तर्काच्या जोरावर काय काय करून बसतो!

देवळातला गुरव योगेश हा त्यांचा जुना विद्यार्थी. बारावीत फिजिक्समध्ये आपटला आणि घराण्याच्या सेवेला लागला. देवीच्या अंगाला हात लावायचा मान त्याच्याच घरचा. सर त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा तो केळीचा घड उतरवत होता. त्याच्या हातातला कोयता तसाच राहिला.

"सर, तुमी? हय?"

"योगेश, सोमवारी आमचां गाऱ्हाणां आसा."

"म्हायत आसा. बसा मरे, च्या करूक सांगतंय."

"च्या नको." सर अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाले, "डावी पाकळी आदी पडाक होयी."

योगेशनं कोयता खाली ठेवला. "सर, ह्यो देवीचो कौल."

"देवीचो कसलो? पाण्याचो." आणि उभ्या उभ्या सरांनी त्याला शिकवायला घेतलं. पाणी पाकळीला कसं धरतं, किती पाणी असलं की किती वेळ धरतं. डावीला पाणी थोडं लाव, जाड बघून घे. उजवी पातळ घे, चांगली भिजव आणि नीट दाबून बसव. आवाज अगदी वर्गातल्यासारखा लागला होता. खडू तेवढा हातात नव्हता.

योगेशनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत विचारलं, "तुमका आपलो झील मेल्लो होयो, सर?"

मुलाबद्दलच्या या प्रश्नाची सरांनी तयारी केली नव्हती. "माका तेची आवय जिती होयी," भाग्यलक्ष्मीचं झिजणं आठवून ते म्हणाले. मग छत्री उचलून चालू लागले. मागून योगेशचा आवाज आला, "बगतंय, सर." तेवढ्यानं सरांचं काम झालं.

सोमवारी सकाळी देवळात गर्दी नव्हती. भाग्यलक्ष्मी हिरवी साडी नेसून आली होती. हातात नारळ, ओटीचं सामान. सर शर्ट काढून गाभाऱ्यापुढं उभे राहिले, तसं त्यांना उघड्या अंगावर गार वाटलं. आत योगेशनं मूर्ती पुसली. तांब्याच्या वाटीतून पाकळ्या काढल्या आणि लावल्या. त्याची पाठ आड येत होती, सरांना काही दिसलं नाही. मग तो बाजूला झाला आणि हात जोडून मोठ्यानं बोलू लागला. "बा देवी सातेरी, आज तुजी लेकरां तुज्या दारात उबी आसत. तेंचो एक झील दर्यार गेलो, परतोन येवक नाय. तो जितो आसात तर उजवो दी. नसात तर डावो दी, आनी तेका वाट दी. लेकरांक फशिवनको, म्हाराजा!" सभामंडपातल्या दोन म्हाताऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली.

दोन तांबडे ठिपके काळ्या दगडावर स्थिर होते. समईची ज्योत हलली तरी ते हलत नव्हते. उत्तर काय येणार हे सरांना माहीत होतं, तरी त्यांची नजर त्या ठिपक्यांवरून हटेना. भाग्यलक्ष्मीचे ओठ हलत होते. सरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. एकदा उजवी पाकळी किंचित खाली घसरली आणि तिथंच थांबली. भाग्यलक्ष्मीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. आणि तेवढ्यात डावी सुटली, मूर्तीच्या पायाशी जाऊन पडली.

योगेशनं ती पाकळी उचलून केळीच्या पानावर ठेवली आणि भाग्यलक्ष्मीच्या हातात दिली. तिनं ती घेतली, कपाळाला लावली, पदर सावरला. "बरां," एवढंच म्हणाली. सरांना वाटलं होतं, ती कोसळेल, हंबरडा फोडेल, आणि मग आपण तिला धरू. ती पायऱ्या उतरून चालू लागली. घरी पोचल्यावर तिनं भात टाकला. दुसऱ्या दिवशी पोदेराची सायकल वाजली तेव्हा तिनं दोनच उंडे घेतले.

ते दोन उंडे बघून सरांनी ताटली बाजूला सारली. आपण हे काय केलं? आईच्या हातून पोराचा घास काढून घेतला, तोही फसवून. इतकी वर्षं देवाच्या नावानं फसवणाऱ्यांना शिव्या घातल्या आणि शेवटी स्वतःच देवाच्या पाठीआड लपून वार केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं, तिनं साधं "जेवूक येतात?" विचारलं तरी सर दचकायचे. विधीचा दिवस भटजींनी काढून दिला. तो जसजसा जवळ यायला लागला तसतसं त्यांना घरात थांबवेना.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःलाही कबूल केली नव्हती, ती इथं सांगायला हवी. एवढं सगळं झालं तरी अनोळखी नंबरचा फोन वाजला की सर अजूनही जेवणाच्या ताटावरून उठत. बँकेचं कर्ज हवं का विचारणारी मुलगी असे, तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेत, न जाणो मध्येच आवाज बदलेल. आणि डावी पाकळी पडली त्या दिवशीही ते उठले होते. का उठू नये? ती पाकळी त्यांनी स्वतः पाडायला लावली होती. तिला रुद्रेशबद्दल काय ठाऊक असणार? तिनं काहीच सांगितलं नव्हतं. बायकोचा दरवाजा बंद झाला होता. त्यांचा जरासा किलकिला होता, आणि तो तसा आहे हे त्यांना कळतही नव्हतं.

विधीच्या आदल्या दिवशी दुपारी ते योगेशकडे गेले. बोलून मोकळं व्हावं, एवढाच हेतू.

"तुवें माजां आयकलंस," सर म्हणाले. "पण ता करूक नको होतां. माका घास गिळना नाय. तुज्या काकीच्या पाया पडून सगळां सांगचां म्हणतंय."

योगेश त्यांच्याकडे बघतच राहिला. "मी काय केलंय, सर?"

"डावी पाडलंस ती."

"मी पाडूक नाय." योगेशनं हात कपड्याला पुसले. मग एका दमात बोलला. "तुमी सांगून गेल्यात आनी दुसऱ्या दिसा काकी इली. हयच, ह्या पेळेर बसली. रडाक लागली. म्हणाली, योगेशा, उजवी पाड, काय पण कर, पण उजवी पाड. माज्या पायाक हात लायलो तिणां, सर! माज्या! मी तिच्या झिलाच्या वयाचो. मगे मी काय करूचा? तुमचा आयकूचा काय तिचा? दोग्यांचाय सोडलंय. एकाच फुलाच्यो दोन पाकळ्यो काडलंय, एकाच वाटयेत बुडयलंय आनी डोळे मिटून लायलंय. जी पडली ती आपसूक पडली."

सरांनी पेळेचा, म्हणजे त्या दगडी बैठकीचा, आधार घेतला.

पहिल्यांदा त्यांना हसूच आलं, वाईट हसू. दोघं दोन बाजूंनी ओढत होते, सगळा जीव लावून, आणि दोघांची बेरीज शून्य. धनानं ऋणाला खाऊन टाकलं होतं, आणि मग जे क्षुल्लक, आंधळं, कुणाचंच न ऐकणारं उरलं होतं त्यानं पाकळी खाली आणली.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. भाग्यलक्ष्मी इथं येऊन बसली होती, म्हणजे तिचा देवीवरचा भरवसा संपला होता. मुलगा जिवंत आहे असं जिला खरंच वाटतं ती गुरवाच्या पायाला हात लावायला कशाला येईल? तिला ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. समुद्राकाठी वाढलेल्या बाईला कदाचित पहिल्या फोनलाच कळलं असेल. तिसरा उंडो घेताना, कावळे हाकलताना, "दर्या भायर टाकता" म्हणताना तिला सगळं ठाऊक होतं. तिला फक्त कुणीतरी तसं मोठ्यानं सांगायला नको होतं.

आणि तिसरी गोष्ट. ती लक्षात आली तेव्हा सर योगेशच्या अंगणाबाहेर पडून रस्त्याला लागले होते. पाकळी कुणीच पाडली नव्हती. म्हणजे ते उत्तर खरं होतं.

"खरां कसलां?" ते रस्त्यातच स्वतःशी मोठ्यानं बोलले. दोनातली एक पडणारच होती. पाकळीला काय कळतं? पाणी, दगड, वजन, संपलं. हे सगळं ते स्वतःला वर्गात सांगावं तसं सांगत होते, एकेक पायरी बरोबर होती, आणि तरी ते रडत होते. एक म्हातारा माणूस भर दुपारी रस्त्याच्या कडेनं, छत्री काखेत ठेवून, उन्हात रडत चालला होता. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, सर, खंय सोडू? सरांनी हातानंच पुढं जा म्हणून खूण केली.

त्या संध्याकाळी खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. सर सोप्यावर बसले होते, तसेच बसून राहिले. आतून भाग्यलक्ष्मी म्हणाली, "फोन वाजता." सर म्हणाले, "वाजूंदे."

तिला काही सांगायचं त्यांनी रहित केलं. आपण गेलो होतो ते सांगावं तर ती गेली होती तेही उघडं पडलं असतं, आणि तिनं एवढं झाकून ठेवलेलं आपण उघडायचं कशासाठी? ती त्यांच्या पुढ्यात चहा ठेवून गेली. दोघांनी एकमेकांना काय काय लपवलंय याचा हिशेब तिथंच बुडाला.

विधी साखळीला वाळवंटी नदीच्या काठी झाला. भटजींनी पळसाची पानं दर्भानं बांधून आकृती करायला घेतली. हात, छाती, पाय. डोक्याच्या जागी नारळ. सर पानं एकेक करून देत होते. आकृती पुरी झाली तेव्हा ती लहान पोराएवढी दिसत होती. भटजी म्हणाले, एवढी पुरे आहे.

"नाय," भाग्यलक्ष्मी म्हणाली. बायका लांब बसल्या होत्या, ती त्यांच्यातून उठून पुढं आली. "तो बापाशीपेक्षा उंच होतो. पाय लांब करा."

भटजींनी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. मग भटजींनी आणखी पानं जोडली. ती उभी राहून बघत होती. "आनी थोडे," म्हणाली. आणखी जोडली. तिला हवे तेवढे पाय झाले तेव्हा ती जागेवर जाऊन बसली.

अग्नी सरांच्या हातात दिला. हा विधी करायचाच म्हणून हट्ट धरणारा माणूस तोच होता. भटजी मंत्र म्हणत होते, थांबले, पुन्हा म्हणाले. सरांचा हात पुढं जाईना.

"भटजी," ते म्हणाले, "हे झाल्यावर तो परत आला तर?"

भटजी चपापले. मग शांतपणे म्हणाले, "त्यालाही विधी आहे, सर. जन्मल्यापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करतात. नाव पुन्हा ठेवतात. तुम्ही काळजी करू नका."

"पुन्हा नाव ठेवतात?" सरांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की भटजींनी मान खाली घातली. "मग हेच ठेवू आम्ही. रुद्रेशच ठेवू. हे चालतं ना? तेच नाव चालतं?"

नदीपलीकडच्या रस्त्यावरून पणजीची बस गेली. भाग्यलक्ष्मी पुन्हा उठून आली आणि तिनं नवऱ्याचा जळत्या दर्भाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तो येवचो नाय," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे बघितलं. तिनं त्यांचा हात पुढं नेला आणि नारळाच्या बाजूनं, जिथं डोकं होतं तिथं, आग लावली.